आधी वाटणी, मग मांगर?

कोकणातल्या भाऊबंदकीत एक वाक्य कायद्याच्या कलमासारखं फेकलं जातं : "सामाईकात काही बांधायचं नाही. आधी वाटणी होऊ दे, मग बघू." मागणी खरं तर फार मोठी नसते. काजूच्या हंगामात बिया ठेवायला, लावणीच्या दिवसांत इरली-खोरी टेकवायला आणि दुपारी पाठ टेकायला एक मांगर हवा असतो. बारा बाय पंधरा फुटांचा, कौलारू, एका खोलीचा. पण सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात. त्यातली काही मुंबईत, काही बडोद्याला, काही तर हयातही नसतात. मग वरचं वाक्य कोणीतरी उच्चारतो आणि विषय पुढच्या गणपतीपर्यंत मिटतो.

हे वाक्य वडीलधारे बोलतात, शिकलेले चुलतभाऊ बोलतात, वकीलही बोलतात. म्हणून ते सहज उडवून लावण्याजोगं नाही. माझं म्हणणं मात्र असं की, हे वाक्य कायद्याच्या दृष्टीनं अर्धंच खरं, इतिहासाच्या दृष्टीनं चुकीचं आणि व्यवहारात घातक आहे. सामाईक जमिनीवर लहान, साधा आसरा उभारता येतो. अट एकच : तो सामाईक जमिनीवरचा आसरा म्हणूनच आखला पाहिजे. उद्याच्या आपल्या घराची आजची पायरी म्हणून नव्हे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण त्याची बाजू लंगडी नाही. पहिला मुद्दा कायद्याचा. अविभक्त जमिनीच्या कणाकणावर प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क असतो. तेव्हा "ही कोपऱ्यातली जागा माझी" असं म्हणण्याचा अधिकार वाटणीआधी कोणालाच नाही. दुसरा मुद्दा माणसाच्या स्वभावाचा. आज मांगर, उद्या विजेचं मीटर, परवा ग्रामपंचायतीत घरपट्टी आपल्या नावावर, आणि तेरवा "ही आमची वहिवाट." असं घडलेलं प्रत्येक वाडीत कोणी ना कोणी पाहिलेलं असतं. याला शास्त्राचा आधार हवा असेल तर गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा 'सायन्स'मधला निबंध आहेच : जे सगळ्यांचं, ते शेवटी ओरबाडलं जातं. तिसरा मुद्दा पैशाचा. बांधायचंच तर एकदाच स्लॅब टाकावा. कुडा-कौलांवर घातलेला पैसा पाण्यात जातो. आणि स्लॅबचं पक्कं घर सामाईकात कोण बांधू देणार? म्हणून आधी वाटणी.

आता उत्तरपक्ष. सुरुवात त्या "आधी"पासून करू.

वाटणी ही कोणी मनात आणलं की होणारी गोष्ट नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल अशी शेतजमिनीची वाटणी करता येत नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारनं हे क्षेत्र बरंच कमी केलं, जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे. तरीही हिशेब करून पाहा. साठ गुंठे जिरायत आणि पाच शाखा असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला १२ गुंठे. तिथेच गाडी अडली. त्यात पूर्वजांच्या वारसनोंदी राहिलेल्या असतात. मुंबईत वारलेल्या काकांची मुलं कुठे आहेत ते कोणाला ठाऊक नसतं. एकाची सही परदेशातून यायची असते. दावा केला तर दिवाणी न्यायालय हिस्से ठरवतं. पण शेतसारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५४ व्या कलमाप्रमाणे पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. म्हणजे दोन दारं, दोन रांगा. "आधी वाटणी" म्हणणारा बहुतेक वेळा "कधीच नाही" असंच म्हणत असतो. फक्त ते सभ्यपणे म्हणतो. त्या मधल्या तीस-चाळीस वर्षांत काजू भिजतो, बाग बिनराखणीची राहते, आणि जमिनीकडे येणारी पायवाटही घाणेरी-करवंदांच्या जाळीत बुडून जाते.

कायद्याच्या मुद्द्यावर येऊ. कणाकणावर सर्वांचा हक्क, हे खरं. पण त्याचा अर्थ कणाकणावर सर्वांना मनाई असा लावला जातो आणि तिथे घोळ होतो. सहहिस्सेदाराला सामाईक जमीन वापरण्याचा हक्क आहेच. इतरांना बाहेर ढकलून ती एकट्यानं बळकावण्याचा हक्क तेवढा त्याला नाही. भीती असते ती बारा वर्षांच्या कब्जाची : "बारा वर्षं मांगर राहिला की जमीन त्याची." सहहिस्सेदारांच्या बाबतीत हे गणित असं चालत नाही. एका सहमालकाचा ताबा हा कायद्यानं सगळ्यांच्या वतीनं असलेला ताबा समजला जातो. इतरांचा हक्क त्यानं उघडपणे, त्यांना कळेल अशा रीतीनं नाकारला आणि तसा मुदतभर नाकारत राहिला, तरच प्रतिकूल कब्जाची गोष्ट सुरू होते. सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी रेड्डी खटल्यात १९५६ सालीच हे स्पष्ट केलं. घरपट्टीचंही तसंच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारण्यासाठी आहे. त्यावर नाव लागलं म्हणून जमिनीची मालकी लागत नाही. एका सहहिस्सेदारानं सामाईकात काही सुधारणा केली असेल, तर वाटणीच्या वेळी न्यायालयं शक्य असेल तिथे तो भाग त्याच्याच वाट्याला देण्याचा विचार करतात. पण तेवढ्यानं त्याचा हिस्सा गुंठाभरानंही वाढत नाही.

शेतीच्या कामाचा आसरा शेतजमिनीवर असणं हेही काही चोरटं काम नव्हे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात शेतावरच्या इमारतीची व्याख्याच आहे. अवजारं, खत, चारा आणि पीक साठवणं, गुरं बांधणं, आणि जमीनधारकाच्या कुटुंबातल्या, नोकरांतल्या किंवा कुळांतल्या माणसांनी राहणं, हे सगळं तिच्यात बसतं. मात्र याचा आडोसा घेऊन 'फार्महाऊस' नावाचा बंगला उठवायचा आणि शनिवार-रविवार भाड्यानं द्यायचा, हे त्यात बसत नाही. समुद्रकिनाऱ्याजवळची जमीन असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम, प्रादेशिक योजना लागू असेल तर तिचे नियम आधी पाहावेच लागतात. छोटंसंच तर आहे, विचारतो कोण, हा पूर्वपक्षाच्या नेमक्या उलट्या टोकाचा मूर्खपणा आहे. तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला विचारायला एक सकाळ लागते. न विचारल्याची किंमत पुढे वर्षानुवर्षं मोजावी लागते.

इथे एक रेघ ठळक ओढली पाहिजे. सामाईक म्हणजे सहमालकांची. गायरान म्हणजे सहमालकांची नव्हे. ते सरकारी असतं आणि गावाच्या गुराढोरांसाठी राखलेलं असतं. गायरानावर खाजगी आसरा उभा करण्याचं समर्थन मी करत नाही. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामुदायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश राज्यांना दिले. नियमित करायचंच तर भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनानं रीतसर दिलेला पट्टा, आधीच उभी असलेली शाळा, दवाखाना अशा अपवादांपुरतंच करावं, असंही सांगितलं. 'सगळ्यांची जमीन' या ढोबळ बोलण्यात या दोन जमिनी एक होतात, आणि मग गायरानाबद्दलची रास्त चीड भावकीतल्या मांगरावर निघते.

आता स्वभावाचा मुद्दा. सामाईक ते ओरबाडलंच जातं, हे खरं असतं तर कोकणातली निम्मी गावं उभीच राहिली नसती. कित्येक वाड्यांतली राहती घरं अविभक्त घरठाणावर, केवळ वहिवाटीच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. देवराई सामाईक, शिमग्याचा मांड सामाईक, विहिरीवरचा रहाट सामाईक. देवळातल्या दिवाबत्तीची पाळी आणि पाटाच्या पाण्याची पाळी ठरलेली असते. कोणाची पाळी कधी, हे शाळा न पाहिलेल्या आजीलाही तोंडपाठ असतं. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फड पद्धत घ्या. बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एका हंगामाला एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्ये, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनी मिळून द्यायचा. शतकानुशतकं ही व्यवस्था शेतकऱ्यांनीच चालवली. गोव्याच्या गांवकारींचे, म्हणजे सामाईक जमीन सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थांचे, रिवाज तर पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये फोराल म्हणजे सनद काढून लिहून घेतले. म्हणजे ते त्याच्याही आधीचे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या 'गव्हर्निंग द कॉमन्स' या ग्रंथात स्विस कुरणांपासून फिलिपिन्सच्या पाटांपर्यंतचे असेच दाखले तपासले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा निष्कर्ष भाबडा नव्हता. सामाईक वस्तू टिकते, पण हक्कदार कोण हे ठरलेलं असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, कोणीतरी लक्ष ठेवत असेल आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक शिक्षा असेल, तरच. पुढे खुद्द हार्डिन यांनीही आपण व्यवस्था नसलेल्या सामाईकाबद्दल बोलायला हवं होतं, असं मान्य केलं. गोव्यात आज त्याच गांवकारींच्या, म्हणजे पोर्तुगीज नावानं कोमुनिदादींच्या, जमिनींवर अतिक्रमणं झालेली दिसतात. ती जमीन सामाईक आहे म्हणून नव्हे, गांवकरांचं लक्ष उडालं म्हणून. पूर्वपक्ष दाखवतो ते दुखणं खरंच आहे, पण त्याचं निदान चुकलं आहे. मांगराचं घर होतं आणि घराची मालकी होते ती कागद नसल्यामुळे, आणि दर गणपतीत गप्प बसल्यामुळे.

राहिला स्लॅबचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यात कच्चा वाटतो. सामाईक जमिनीवर बांधकाम जितकं पक्कं, तितकी भांडणाची मुळं खोल. हे केवळ मनाचं नाही, कायद्याचंही आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाचं ६० वं कलम सांगतं की, परवानगीवर विसंबून कोणी कायम स्वरूपाचं बांधकाम खर्च करून केलं, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. सहहिस्सेदार हा परवानगीदार नसतो, तेव्हा हे कलम भावकीला जसंच्या तसं लागू नाही. पण देवस्थानाच्या किंवा शेजाऱ्याच्या जागेत तोंडी होकारावर स्लॅब ओतू दिल्यावर काय होतं, ते त्यावरून कळतं. कायम आणि काढता येण्याजोगं, हा भेद कायदा ओळखतो. आपणही ओळखावा. सामाईकातला मांगर साधा असावा तो पैसे नाहीत म्हणून नव्हे. इतरांचा हक्क जागच्या जागी राहावा म्हणून.

आणि कौलाचा पैसा पाण्यात जातो, हे कोणी सांगितलं? बारा बाय पंधराच्या मांगराला, चारी बाजूंनी दीड फूट पागोळी काढली तर, चार-साडेचारशे मंगलोरी कौलं लागतात. एक फुटलं तर एक बदलायचं. छप्पर उतरवलं तर सगळी मोजून दुसरीकडे चढवायची. आजोबांच्या घराची कौलं नातवाच्या गोठ्यावर गेल्याची उदाहरणं वाडीत दाखवता येतील. खाऱ्या हवेत स्लॅबची सळई गंजली की खपली पडते, गळती लागते, मग त्यावर पुन्हा पत्र्याची शेड येते. कोकणातल्या कितीतरी स्लॅबांवर ती आज उभी आहे. पक्क्याचं पक्केपण तिथेच कळतं.

आता मंडन. सामाईक जमिनीवरचा मांगर भिंतींपासून आखायचा नसतो, कडांपासून आखायचा असतो. पाणी कुठे पडणार, वाट कोणाची अडणार, सावली कोणाच्या कलमांवर जाणार, हे आधी. हिशेब साधा आहे. पागोळीसकट छप्पर जमिनीवर साधारण २५ चौरस मीटर भरतं. कोकणात पाऊस वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास. म्हणजे चार महिन्यांत पाऊण लाख लिटर पाणी या चार कडांवरून खाली येणार. ते कोणाच्या तरी खाचरात, कोणाच्या तरी बांधावर जाणारच. भावकीतलं भांडण बहुधा भिंतीवरून पेटत नाही, पागोळीच्या पाण्यावरून पेटतं. म्हणून चर आधी खणावा, जोतं मग. एका बाजूचं पाणी टाकीत घेतलं तर उन्हाळ्यात रोपांना तेच कामाला येतं.

आखणीच्या दिवशी नकाशा घेऊन बसू नये, जागेवर जावं. चार खुंट्या ठोकून सुतळी ताणली की, कागदावर मान डोलावणारी माणसं बोलायला लागतात. "इथनं आमची गुरं पाण्याला जातात." "हा फणस पुढच्या पावसात आडवा होणार, त्याच्याखाली कशाला?" तोवर पदर सावरून गप्प उभ्या असलेल्या काकी सुतळीच्या आत येऊन उभ्या राहतात आणि दार कुठे असावं ते सांगतात. सुतळी दोन हात सरकवायला खर्च येत नाही. जागा शक्यतो कातळाची घ्यावी. पिकाऊ माती मांगराखाली घालणं हाही सगळ्यांच्या वाट्याचा तोटा. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा ती बाजू बंद ठेवून दार पूर्वेला काढावं.

बांधणीतही हेच सूत्र. जोतं चिऱ्यांचं, दीडेक फूट उंच, मातीत बसवलेलं. खांब जमिनीत पुरू नयेत. तळखड्यावर उभे करावेत, म्हणजे वाळवीही लागत नाही आणि उद्या काढताही येतात. भिंत कमरेइतकी चिऱ्याची, वर कारवीचा किंवा बांबूचा कूड. वासे आणि आढं बोल्टांनी जोडलेलं, सांधे उघडता येतील असे. हलकं म्हणजे ढिलं मात्र नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे कागदासारखे उडवले. वारा आधी पागोळीखाली शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. म्हणून कडेच्या दोन ओळींतलं प्रत्येक कौल तारेनं रिपेला बांधावं, आणि वासे खांबांना लोखंडी पट्टीनं जखडावेत. विजेचं मीटर घेऊ नये. एक सौर दिवा पुरतो. मीटर म्हणजे एका नावाचं बिल, आणि एका नावाचं बिल म्हणजे पुढच्या संशयाचं बी.

बांधणीइतकाच कागद महत्त्वाचा. तो लांबलचक नको, पण त्यात सहा गोष्टी स्पष्ट हव्यात. कोणत्या गट नंबरात, कोणत्या कोपऱ्यात, किती लांबी-रुंदीचा मांगर. खर्च कोणी किती केला. वापर कोणाचा, किल्ली कुठे राहणार, दुरुस्तीची पाळी कोणाची. यानं कोणाचाही हिस्सा वाढत किंवा घटत नाही. सगळ्यांच्या लेखी होकाराशिवाय एक फूटही वाढवायचं नाही. आणि वाटणीत ती जागा दुसऱ्याकडे गेली, तर लाकूड-कौलं खर्च करणाऱ्यांची, जमीन ज्याच्या वाट्याची त्याची, आणि अमुक महिन्यांत जागा मोकळी. मसुदा वकिलाला दाखवावा, सह्या घ्याव्यात, प्रत प्रत्येक घरात ठेवावी. जो हयात हिस्सेदार सापडत नाही त्याचं मौन म्हणजे होकार नव्हे. म्हणूनच मांगर असा हवा की तो हिस्सेदार उद्या समोर आला तर त्याचं काहीच बुडालेलं नसेल. आणि जो स्पष्ट नाही म्हणतो, त्याला डावलून बांधू नये. तिथे माझा युक्तिवाद थांबतो. फक्त एवढंच, की ती नाही त्यानं आपल्या नावानं आणि कारणासह सांगावी; "आधी वाटणी"च्या आड लपून नव्हे.

शेवटचा आक्षेप असा येतो : मग वाटणी कधीच करायची नाही का? जरूर करावी, काढता येणारा मांगर वाटणीच्या आड येत नाही, उलट मोजणीवाल्याला बसायला सावली देतो. पण जुनी वाटणीपत्रं उघडून वाचा. घरं वाटली, शेतं वाटली, भांडीसुद्धा वाटली. आणि शेवटच्या कलमात विहीर, वाट, खळं सामाईक ठेवलं. आपल्या पणजोबांनी वाटणी करतानाही काही गोष्टी जाणूनबुजून वाटल्या नाहीत, कारण त्या वाटल्या की कोणाच्याच कामाच्या उरत नाहीत, हे त्यांना कळत होतं. भर पावसात शेतावर अडकलेल्या माणसाला लागणारं छप्पर त्याच यादीतलं आहे.